केसांवर वाढलेला गुलाब

आमच्या शेजारचा न्हावी पक्का आळशी, आणि त्या आळसाचंच त्याने शास्त्र केलं होतं. दुकानामागे त्याचे गुलाब. फवारा नाही, विकतचं खत नाही. "झाडाचे लाड केले की ते डोक्यावर बसतं," म्हणायचा. बुंध्याशी वाळक्या पानांचं आच्छादन, माव्याच्या किडीला कडुनिंबाचं पाणी, आणि मुळाशी दुकानात झाडलेले केस. केस सावकाश कुजतात, झाडाला पुरवून पुरवून जेवू घालतात. मी शिंपी, माझ्या सुती चिंध्याही तो आच्छादनाला न्यायचा. फुलं अशी यायची की मला सरळ हेवा वाटायचा.

मग त्याची लेक आजारी होऊन माहेरी आली. औषधांनी केस गळायला लागले, तेव्हा त्यानेच तिचं डोकं भादरलं. मग सवयीने केर भरला आणि कोपऱ्यातल्या नव्या रोपाच्या मुळाशी पुरला.

रोप बघता बघता भिंतीवर चढलं. लेक मात्र अंथरुणाला खिळली. झाडाला कळी आली की तिला ताप चढायचा. "डॉक्टरांना विचार, झाडाला काय विचारतोस?" असं मी त्याला झापलं. पण एकदा मी फूल हुंगलं, तर तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आला. मी, एवढा शहाणा, मुकाट घरी आलो.

त्याने पाणी तोडलं, आच्छादन काढलं. झाड हटेना. कशावाचून अडू नये, असंच त्याने ते वाढवलं होतं. शेवटी आम्ही दोघांनी खणलं. केस कुजायला वर्षं लागतात, पण खड्ड्यात एकही नव्हता. मुळं तेवढी काळीभोर, बारीक, आणि हाताला कोमट.

मी मुळावर कुदळीचा घाव घातला. आत घरात लेक किंचाळली.

"थांब," तो म्हणाला. आपलेच दात, आपलेच ओठ, करणार काय? त्याने दुकानातून वस्तरा आणून माझ्या हातात दिला. "माझं डोकं कर."

"शिंप्याच्या हाती वस्तरा देतोस?"

"कापायचंच आहे ना?"

आपले केस त्याने मुळांवर पसरले, माती लोटली आणि झाडाला म्हणाला, "तिला सोड. मी आहे."

लेक महिन्याभरात हिंडूफिरू लागली. आता अंथरुणावर बाप आहे. फुलं बघून त्याला बरं वाटेल म्हणून ती त्या झाडाला जीव लावते, खतपाणी घालते. आज मला हौसेने म्हणाली, "काका, झाड कळ्यांनी लगडलंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून.