विटांच्या घरात जन्मलेली नोएमी

मिस्केच्या खोऱ्यात हिलारियासारखी चिचा कुणालाच जमायची नाही. मक्याची ती आंबूस दारू घागरीत फसफसायला लागली की बाई खुशीत असायची. तोंडाने फटकळ, आणि हट्टी किती म्हणाल तर विचारू नका.

नोएमी पोटात असताना दवाखान्यात हिलारियाचं रक्त तपासलं, तर चागास निघाला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी विंचुका, ढेकणाची थोरली बहीणच म्हणा, रात्री रक्त पिते आणि हा रोग देऊन जाते. पुढे तो हृदय पोखरतो. हिलारियाने नवऱ्याच्या मागे लागून बाळंतपणाआधी विटांचं घर उभं केलं. जुन्या मातीच्या घराला काडी लावली, नव्याच्या उंबऱ्यावर चिचा शिंपडली. तिच्या लेखी रोग जळाला.

नोएमी झाली तशी नर्स दारात आली. "बाई, बाळाचं रक्त तपासून घ्या. हा आईच्या पोटातूनही बाळाला जातो. एवढ्याशा वयात औषध दिलं तर पार बरा होतो."

"माझ्या घरात एक विंचुका दाखव, मग खुशाल सुई टोच," हिलारिया म्हणाली. "विटांच्या घरात जन्मलीय माझी पोर."

नर्स बिचारी कितीदा तरी आली. हिलारिया दर वेळी तिला चिचा पाजायची आणि वाटेला लावायची.

नोएमी मोठी झाली, लग्न झालं, दिवस गेले. रक्त तपासलं, तर तिलाही चागास. त्या पोरीने जन्मात विंचुका पाहिली नव्हती. मग आला कुठून, हे हिलारियाला कुणी सांगावं लागलं नाही.

"बाळंतपण झालं की औषध देऊ," डॉक्टर नोएमीला म्हणाले. "पण इतक्या वर्षांनी खात्री देता येत नाही. ठोके आत्ताच चुकतायत."

नातू झाला. त्याच्याही रक्तात तेच. या वेळी हिलारियाने कुणाला बोलवायला येण्याची वेळच येऊ दिली नाही. स्वतः त्याला न्यायची, स्वतः गोळी कुटून दुधातून पाजायची. पोराने थुंकली तर पुन्हा पाजायची.

वर्षाचा झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. "सुटला हा," नर्स हसून म्हणाली.

नोएमीने लेकाला खांद्यावर घेतलं. जिना चढून आल्यामुळे तिला अजून धाप लागत होती. तिच्या आवाजात राग असता तर हिलारियाला सोसलं असतं.

"एवढंच करायचं होतं, आई?" तिने विचारलं.