उलटी झडप

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्ये होते, अन् खोटं कशाला सांगू, समोरच्या कागदावर खिडकीच काढायलते. फोन मामीचा. "ये बाई. सकाळी चहा घेतला, भिंतीकडं तोंड केलं, ते काही..." मामाच्या गावाच्या, वालूरच्या एसटीत बसले तर डोक्यात एकच चाललेलं, त्यानं सांगितली तशी झडप राहिली, तशी झडप राहिली. आज महिना होऊन गेला. आता सांगते सगळं, कारण ज्यांनी मामाला फक्त खाटेवर बघितलं त्यांना माझा मामा माहीतच न्हाई.

मामा सुतार. अर्धं आयुष्य त्यानं कोकणात समुद्राकाठच्या एका गावात काढलं. तिथं जुन्या काळी मुंबईच्या पैसेवाल्यांनी उन्हाळ्यात राहायला बंगले बांधले होते, त्यांची डागडुजी मामा करायचा. वर्षातून एकदा घरी आला की आमी पोरं त्याच्याभोवती. समुद्र कसा असतो विचारलं तर "पाणी हाय लय" एवढंच म्हणायचा, पण बंगल्यांवर सुरू झाला की थांबायचाच न्हाई. तिन्ही बाजूंनी पडवी, उतरती कौलं, गरम हवा निघून जायला छपराखाली फटी. खिडक्यांना काचा न्हाईत, आडव्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा. प्रत्येक पट्टी बाहेरच्या अंगाला खाली झुकलेली, म्हणजे पाऊस बाहेरच ओघळतो अन् वारा तेवढा आत येतो. अन् खिळा कुठंच न्हाई, खाऱ्या हवेत लोखंड गंजतं म्हणून सगळं लाकडी खुंट्यांवर. मामीला देव्हारा करून दिला तो पण खुंट्यांवरच. मामी म्हणली, "इथं कुठला समुद्र? दुधना नदीला खारं पाणी सुटलं का काय?" तर म्हणतो, "खिळा उपटला की लाकूड फाटतं. खुंटी काढ, फिरव, परत ठोक, लाकडाला कळत बी न्हाई."

एकदा म्हणला, एका बंगल्यात एक झडप उलटी हाय, पट्ट्या बाहेरून वर अन् आतून खाली, अन् ती मीच बसवलीय. मी तेव्हा सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, लय शहाणी. "मग चुकलास की." तो हसला. "चुकलो म्हण, इंजिनेरबाई."

मग दोन वर्षांमागं तसल्याच एका छपरावरून पडला अन् कंबरेखालचं सगळं गेलं. घरी आणून टाकला तो मागच्या खोलीत. वर पत्रे, चारी बाजूंनी भिंती, एक दार, ते पण स्वयंपाकघरात उघडणारं. आमच्याकडचा उन्हाळा माहितीय ना? सकाळी दहालाच पत्रा कडकड वाजायचा, लाईट गेली की फॅन बंद, अन् मामा घामानं भिजून पत्र्याच्या पन्हाळ्या मोजायलेला. "डब्यात घातलं बघ मला," म्हणायचा. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या घरात वारा आणला तो... असो.

त्याची एकच मागणी होती. गल्लीकडच्या भिंतीला झडप कर. मामीचं म्हणणं, धूळ येईल, लोक डोकावतील. "डोकावता येत न्हाई म्हणून तर झडप म्हणतो," मामा म्हणला. पोटावर पाट ठेवून पट्ट्या त्यानंच तासल्या, पडल्या पडल्या. रोज एक. पाटावरून भुसा गळ्यात जायचा, मामी पदरानं पुसायची अन् रागवायची. दिवाळीच्या सुट्टीत मी मिस्त्री घेऊन आले. मामा म्हणला, "सिमेंट नको, खुंट्यांवर घे. अन् उलटी बसव."

मला वाटलं गोळ्यांची गुंगी हाय. नायतर मस्करी. मी म्हणलं, "पाणी आत येईल मामा, मला कॉलेजात हसतील." तो म्हणला, "हसू दे." मी ऐकलंच न्हाई. त्याचा डोळा लागला तेवढ्यात सरळ बसवून घेतली, चारी बाजूंनी पक्कं सिमेंट, लेव्हल लावून. जागा झाला तेव्हा किती तरी वेळ बघत राहिला. "बंगल्यासारखी झाली का?" मी विचारलं. "तशीच," म्हणला, अन् भिंतीकडं वळला. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, माझं पहिलं काम.

दहावं झालं त्या दुपारी खोली झाडता झाडता दमले अन् त्याच खाटेवर आडवी झाले. वर बघितलं. झडपेतून काहीच दिसेना. नुसत्या पट्ट्यांची खालची बाजू, एकाखाली एक, काळी. उठून बसले तर गल्लीतला रस्ता दिसला, शेळी दिसली. परत पडले, परत सगळं बंद. पडलेल्या माणसाला तिथून आभाळ दिसायचं असेल तर पट्ट्या... मामीला हाक मारली. म्हणलं, त्या बंगल्यातली उलटी झडप कुणासाठी होती?

"म्हातारी होती ना तिथं, खाटेवरली. तिला आभाळ दिसावं म्हणून उन्हाळ्यात उलटी, पावसाळ्यात सुलटी. हेच फिरवायचे."

"मग मला का न्हाई सांगितलं त्यानं?"

"तू कुठं विचारलंस? चुकलास म्हणलीस."

छिन्नी घेऊन माझं पक्कं काम मीच फोडलं. दोन दिवस गेले, हाताला फोड आले. त्याच्या हत्याराच्या पिशवीत चार खुंट्या होत्या, बाभळीच्या, फडक्यात बांधलेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या. झडप उलटी लावली, चारी बरोब्बर बसल्या.

धूळ येईल म्हणणारी मामी आता दुपारची त्याच खाटेवर पडते. परवा फोन आला. "आभाळ भरून आलंय गं, खुंट्या काढून फिरवू का झडप? येईल मला."

मी म्हणलं, "दिसायलंय का तुला, पडल्या पडल्या?"

"दिसायलंय की. काळंभोर."

"मग थांब जरा," म्हणलं.