माहेरच्या नावाने शोधताना

आईला स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा वाटलं, ती कीर्तनं ऐकेल, लोणच्याच्या कृती बघेल. तिने सगळ्यात आधी काय शोधलं, तर किनवटच्या वसतिगृहात तिच्या शेजारी अंथरूण टाकणारी मैत्रीण. दोघींची लग्नं झाली आणि ताटातूट झाली ती कायमची. आईला ती एकदा तरी भेटायला हवी होती.

बोलूनही शोधता येतं हे कळल्यावर आई फोनशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. आधी स्वतःचं गाव, मग शाळा, मग मुद्दा. "उंच हाय, वेणी पार कमरेखाली," हे ऐकून फोनने केसांच्या तेलाच्या जाहिराती दाखवल्या. मी हसून बेजार झाले. मी लातूरला कॉलेजात शिकवते, इंटरनेटवर नेमकं कसं शोधायचं ते मुलांना सांगते. म्हटलं, आण इकडे, हा तर माझ्या हातचा मळ.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं उलटसुलट करून टाकलं. त्या नावाच्या शाळकरी मुली निघाल्या, एक नगरसेविका निघाली. आई प्रत्येकीचा फोटो मोठा करून बघायची आणि मान हलवायची. आता मलाच चैन पडेना. एवढी जितीजागती बाई कुठेच कशी नाही? मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितो. आईचं असंच बदललं, तिचंही बदललं असणार. आम्ही शोधत होतो ती बाई त्या नावाने आता कुठल्याच कागदावर नव्हती. मला रागच आला, पण तो काढायचा कुणावर?

आईच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"तीबी मला शोधून राहिली असंल, तर कोन्या नावानं शोधंल?"

मी आईचं माहेरचं नाव टाकून बघितलं. काहीच आलं नाही. मग त्याच नावाने समाजमाध्यमावर तिचं खातं उघडून दिलं. गाव, शाळा, वसतिगृह, सगळं तिने लिहायला लावलं. बाबा चष्मा लावून ते नाव पुन्हापुन्हा मोठ्याने वाचत होते. लग्नानंतर त्यांनी ते बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

बरेच महिने कुणी फिरकलं नाही. मग एका मिशीवाल्या अनोळखी माणसाचा संदेश आला. मी सुट्टीत आईबाबांकडे नांदेडला आले होते, मीच तो आधी बघितला. कोण हा आगंतुक म्हणून पुसून टाकणारच होते, तेवढ्यात पहिली ओळ दिसली.

"फोटो माज्या मालकाचा हाय, फोन बी त्यांचाच. मी देगलूरला असते. लई वर्सं तुजं नाव टाकून बगून राहिले. आज निघालं."

मी तो आईला वाचून दाखवला. ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "लिही, मी हाय."