डाव्या पायडलचा दांडा

बोरिवलीची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा जिन्याखालच्या बाबांच्या सायकलचं काय करायचं हा प्रश्न आला. बाबा जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. एका ओळखीच्या माणसाला सायकल हवी होती, पण पायडल मारताना ती अडखळायची. म्हटलं, देण्याआधी आपणच खोलून नीट करू.

या जुन्या काळ्या सायकलींत पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, मधल्या आसावर एका पाचरीसारख्या पिनेने अडकवलेले असतात. तिला कॉटर म्हणतात. उजवी कॉटर सहज सुटली. नट सैल केला, खालून लोखंडी पाइपचा आधार दिला आणि हातोडी मारली. डावी मात्र हलेना. रॉकेल सोडून तसंच ठेवलं, जेवून आलो, पुन्हा ठोकलं. निघाली ती करकरत, अगदी नाइलाजाने.

दोन्ही क्रँक पुसून वर्तमानपत्रावर शेजारी ठेवले, तर डावा अर्ध्या पेराने लांब. मागच्या बाजूचा गंज घासला. उजव्यावर साडेसहा इंचाचा आकडा होता, डाव्यावर सातचा. कंपनीचे छापही वेगळे. डावा कधीतरी वाकला होता आणि कुणीतरी तो ठोकून सरळ केला होता.

बाबा सायकल चालवताना दर फेऱ्याला डावीकडे किंचित कलायचे. आम्हाला वाटायचं, त्यांच्या कमरेत काहीतरी आहे. बहीण घरात त्यांची नक्कल करायची. सगळे हसायचे, बाबा तेवढे गप्प असायचे.

आई चहा घेऊन खाली आली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली.

"काढलास होय तो?"

"आई, हा या सायकलचा नाहीये."

"माहितीये मला. तुझ्या काकाचा आहे."

काकांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की माझ्या जन्माआधी दहिसर नाक्याजवळ ते ट्रकखाली गेले. बाबांचे ते धाकटे भाऊ. घरात त्यांचा एक फोटोही नव्हता.

"सायकलीचा नुसता चोळामोळा झाला होता," आई म्हणाली. "ह्यांनी सगळी भंगारात दिली, एवढं ठेवून घेतलं. सरळ केलं आणि आपल्या सायकलला लावलं. मी म्हटलं, असली वस्तू घरात कशाला? तर म्हणाले, त्याचा पाय होता गं यावर."

मी क्रँक खाली ठेवला. हाताला रॉकेलचा वास येत होता. इतकी वर्षं बाबा त्या दांड्यावर पाय ठेवून कामावर जात होते, आणि आम्ही त्यांच्या कलण्याला हसत होतो.

आईने तो उचलून पदराने पुसला. मग म्हणाली, "मला तिथे घेऊन चल."

रिक्षाने गेलो. क्रँक तिने कापडी पिशवीत घालून मांडीवर धरला होता. नाक्याजवळ ती उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. वर मेट्रोचा पूल, समोर टॉवर, मध्ये गाड्यांची रांग. ती एकदा इकडे बोट करायची, एकदा तिकडे.

"इथे चहाची टपरी होती. नाही, पुढे असेल."

"ठेवायचाय का इथे?" मी विचारलं.

तिने पिशवीत हात घातला, मग बाहेर काढला. "नको रे. मलाच इथलं काही ओळखू येत नाही. भावजींना काय येणार?"

आम्ही परत आलो. सायकलला मी उजव्याच्या मापाचा दुसरा डावा क्रँक बसवला आणि ती देऊन टाकली. ती आता सरळ चालते.

भाड्याच्या घरात तो दांडा आईने बाबांच्या जुन्या शर्टात गुंडाळून पलंगावर, भिंतीच्या बाजूला ठेवला. परवा दुपारी तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. वाटलं फोन असेल. पण फोन तर बाहेर माझ्यासमोर चार्जिंगला होता.

दार अर्धवट उघडं होतं. आई पलंगाच्या अगदी कडेला बसली होती, उरलेली सगळी जागा मोकळी सोडून.

"बसा ना भावजी, उभे का?" ती म्हणत होती. "हे येतीलच आता."

मी दारातूनच मागे फिरलो.