टोपण लावलेलं पेन

काल एम.ए.च्या वर्गात एक कथा शिकवत होते. मध्येच थांबून विचारलं, "ही आई मुलाशी खोटं का बोलली असेल? तुम्हाला काय वाटतं?"

सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. बाकांमधून फिरताना पाहिलं, तर मुलांनी माझा प्रश्नच उतरवून घेतला होता आणि खाली उत्तरासाठी जागा सोडली होती. उत्तर मीच सांगणार, याची केवढी खात्री!

शेवटच्या बाकावरची रेणुका तेवढी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या पेनाला टोपण लावलेलं होतं.

"रेणुका, लक्ष कुठंय? लिही ना."

ती दचकली. "विचार करत होते, मॅडम."

वर्ग हसला. मीही हसले.

विचार करणारं माणूस बाहेरून किती रिकामं दिसतं! हात थांबलेले, नजर कुठंतरी लागलेली. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी असते, तेव्हा मीही तशीच दिसत असणार. पण वर्गात मला हलणारे हात लागतात. ते दिसले की आपण शिकवतोय असं वाटतं.

हसू ओसरल्यावर मी सवयीनं म्हणाले, "हं, घ्या लिहून," आणि उत्तर सांगू लागले. रेणुकानं निमूटपणे पेनाचं टोपण काढलं. तेव्हा कुठं मला लाज वाटली. पण तोवर माझं पहिलं वाक्य सांगून झालं होतं, आणि तिनं ते सुवाच्य अक्षरात उतरवूनही घेतलं होतं.