ऐकून दमलेली तेजू

शाळेतून आली की तेजस्विनी आधी दप्तर टाकायची, मग केसांखाली झाकलेली कानातली दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ती दमायची ती ऐकून. मशीन लावलं तरी अर्धेच शब्द कळायचे. उरलेले समोरच्याच्या ओठांवरून जुळवायचे, आणि बाई फळ्याकडे वळल्या की नुसता अंदाज. त्यात शाळा द्वारका चौकाच्या वाहत्या रस्त्याला लागून, दिवसभर हॉर्न. सहावीतल्या पोरीचा जीव संध्याकाळपर्यंत मेटाकुटीला यायचा.

बोलणं मात्र तिचं अगदी स्वच्छ. त्यामुळे तिला कमी ऐकू येतं हे कुणाला खरंच वाटत नसे. “हाक मारली तर ढुंकून बघत नाही, भारी शिष्ट आहे,” असं बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या.

म्हणून तिची आई स्नेहल हिने मका आणला. पिवळसर, गावठी, वर्षभराचा कुत्रा. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले नवनाथकाका त्याला शिकवायला यायचे. “बेल वाजली, कुणी हाक मारली, की यानं हिच्या गुडघ्याला नाक लावायचं आणि आवाजाकडे न्यायचं,” ते म्हणाले. “शिकेल तो. पण हाक मारायला रोज कुणीतरी पाहिजे. तीच हाक शंभरदा.”

ते काम पहिल्या मजल्यावरच्या रोशनीने घेतलं. ती तेजूच्याच वर्गातली. रोज संध्याकाळी ती दाराआडून “तेजू!” म्हणून ओरडायची. मकाने तेजूला उठवलं तर त्याला पोळीचा तुकडा. नाही उठवलं तर पुन्हा हाक. असे दोन महिने गेले.

एकदा रोशनी काहीतरी सांगत होती. तेजूने तिसऱ्यांदा “काय?” विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “काही नाही, जाऊ दे.”

हे शब्द तेजूला ओठांवरून लगेच ओळखू यायचे. दिवसातून दहादा पाहिलेले.

“तू पण?”

रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी पण दमते गं. घसा दुखतो माझा.” आणि ती निघून गेली.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली, तेजूच्या अगदी समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “रोज वीसच हाका. मग दोघींनी गप्प बसायचं.” तेजूने मान हलवली. महिनाभरात मका शिकला.

मग कुणीतरी कुत्र्याची तक्रार केली आणि सोसायटीची मीटिंग लागली. मकाला घरीच ठेवून यायला सांगितलं होतं. “पोरगी तर धडधाकट दिसते,” चेअरमन म्हणाले. स्नेहलने कानांच्या तपासणीचे कागद पुढे केले, कितव्यांदा तरी सगळं सांगितलं. एकाच वेळी पाच-सहा जण बोलत होते. तेजूला फक्त हलणारी तोंडं दिसत होती. तेवढ्यात सगळे गप्प झाले. आईचा चेहरा पाहून तिला कळलं, मागून कुणीतरी आपल्याला हाक मारली असणार. तिने वळून पाहिलं. चेअरमनच होते, खरंच ऐकू येत नाही का ते पाहायला मागे जाऊन उभे राहिलेले. त्यांनी मान खाली घातली.

मका राहिला, पण लिफ्टमधून न्यायचा नाही, असं ठरलं. “आता भांडायची ताकद नाही माझ्यात,” स्नेहल म्हणाली. “जिन्याने जात जा बाळा.”

घर चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी मकाला फिरवून आणताना तेजू दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसली. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, डोकं भणभणत होतं. तिने मशीनं काढून हातात धरली. रोशनीचं घर खालीच राहिलं होतं, तरी ती बरोबर आली होती. तीही शेजारी टेकली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, तेजूच्या हाताकडे पाहिलं आणि मिटलं.

मका दोघींच्या मध्ये धापा टाकत बसला. अजून दोन मजले चढायचे होते. उठायची कुणालाच घाई नव्हती.