मी ‘खोटं बोललो’ म्हणाले

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. कुणाला रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी मनातल्या मनात ‘झोप, थकवा, समोरचा हेडलाइट’ असं उत्तर देऊन मोकळी होते. जळगावला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. अंगात येणं, मागचा जन्म वगैरे शब्दांना मी घरात कधी थाराच दिला नाही. त्यामुळे आज हे लिहिताना भीती नाही वाटत... लाज वाटते. कितीदा लिहिलं आणि खोडलं.

आधी माझ्या वडिलांबद्दल सांगते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी, फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये आमचं बालपण. आई गेल्यावर ते माझ्याकडे जळगावात मेहरूणला आले. गेली काही वर्षं त्यांना डिमेन्शिया आहे. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग रस्ते विसरले, मग माणसं. हल्ली मला ‘ताई’ म्हणतात, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं. वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही. आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकमेकींशी केलेल्या जोडण्या. जोडण्या सुटल्या की आठवण विझते. ती उडून दुसरीकडे जात नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर पेशी काढून शिकवते.

मागच्या हिवाळ्यात शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका आश्रमशाळेत विज्ञानाचा कार्यक्रम होता. आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सोनवणे सर आणि मी, दोघं सरांच्या गाडीने गेलो. त्या भागात मी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. माझा विषय ‘आपला मेंदू’. प्लास्टरचा मेंदू उघडून दाखवला, पोरं खूश. शेवटी मी म्हणाले, “भीती प्राण्यांनाही वाटते, रागही येतो. पण आपल्यासारखी लाज वाटायला स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता यावं लागतं. माणसाच्या मेंदूला हे फार उशिरा जमलं.” टाळ्या वगैरे झाल्या.

जेवण व्हायला वेळ होता, म्हणून सर आणि मी शाळेमागच्या वाटेने पाय मोकळे करायला निघालो. ऊन छान कोवळं होतं. वाट जिथे फुटते तिथे सर सरळ जायला लागले आणि मी म्हणाले, “इकडून, सर. तिकडे नाला आडवा येतो.”

“तुम्ही आधी आलाय इथे?”

“नाही.”

आम्ही दोघंही हसलो. पण माझं हसू मला खोटं वाटलं. छातीत काहीतरी जड व्हायला लागलं होतं. भीती असती तर ओळखता आली असती. ही लाज होती. शाळेत चोरी पकडली गेल्यावर कान तापतात ना... तसे माझे कान तापले होते. कशाबद्दल? काही केलंच नव्हतं मी!

टेकाडावर कुडाच्या भिंतींचं एक घर दिसलं, पुढे मोहाचं झाड. मी थांबले नाही. दार ठेंगणं, आणि आत शिरल्या शिरल्या एक वासा आडवा येतो. तो दिसायच्या आधीच मी मान खाली घातली होती. मागून सरांचं कपाळ त्याच वाशाला आपटलेलं मी ऐकलं.

आत खाटेवर एक म्हातारा बसला होता. चुलीपाशी म्हातारी, हनुवटीवर गोंदण. म्हाताऱ्याला बघून माझ्या मनात पहिला विचार आला, ‘किती थकला हा.’ म्हणजे मी त्याला तरुणपणी पाहिलेलं होतं! आणि माझ्या तोंडून नाव निघालं, “खुमसिंग.”

मी खाली बसले, त्याचे पाय धरायला हात पुढे केला. हाताला एकच पाय लागला. धोतराखाली दुसरा गुडघ्यापासून नव्हताच.

पुढचं मी शब्दशः लिहिते, कारण सोनवणे सर साक्षीला आहेत. मी रडत म्हणाले, “मी ओळखलं होतं तुला. लोकांसमोर मी खोटं बोललो. ओळखत नाही म्हणालो.”

बोललो. म्हणालो. मी, दोन मुलांची आई.

बोलताना डोळ्यांसमोर आमच्या वरणगावच्या क्वार्टरचं दार होतं. पण नेहमी आठवतं तसं नाही — उंचावरून, मोठ्या माणसाच्या उंचीवरून. ओट्यावर शेजारी बसलेले, मागे आजी उभी, आणि फाटकात हाच माणूस, तरुण, पायाला फडकं गुंडाळलेलं, बायकोच्या खांद्यावर हात टाकून उभा.

म्हातारीने मला पाणी दिलं. “तू कोन शे व पोरी?”

मी नानांचं नाव सांगितलं, वरणगाव सांगितलं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, “त्यानी पोर शे,” म्हणजे त्याची मुलगी. आणि मग तिने जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

नाना कुणाच्या तरी लग्नाला मोटरसायकलवर सेंधव्याकडे निघाले होते. वाटेत ऊन लागून रस्त्याकडेला पडले. या नवरा-बायकोने त्यांना उचलून घरी आणलं, बरं वाटेपर्यंत ठेवून घेतलं, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं. जाताना नाना म्हणाले, “कधी काम पडलं तर वरणगावला या, मी भाऊ आहे तुमचा.” पुढच्या वर्षी खुमसिंगबाबांच्या पायाची जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यात ओळख लागते, म्हणून दोघं विचारत विचारत क्वार्टरपर्यंत पोचले. आणि नाना फाटकात येऊन म्हणाले, “कोण तुम्ही? मी ओळखत नाही.”

का, ते मला कुणी सांगायची गरज नाही. आजीचा सोवळेपणा मी पाहिलाय. आपला मुलगा पावरा आदिवासी माणसाच्या घरी जेवला, राहिला, हे शेजाऱ्यांसमोर उघड झालं असतं. नानांनी घरी ‘शिरपूरला मित्राकडे तापाने पडलो होतो’ एवढंच सांगितलं होतं, ते मला आठवतं. ही दोघं त्या रात्री भुसावळ स्टेशनवर झोपली आणि परत आली. पाय पुढे कापावा लागला.

मग खुमसिंगबाबा म्हणाले, “आमले तवयच समजी गयं व्हतं. तोंडवरी नाही म्हने, पन डोया पाह्यात मी त्याना. वळखं त्यानी.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नको. तुन्हा काय दोष?”

परतताना चोपड्याजवळ सर हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही ‘बोललो’ म्हणालात.”

“हो.”

“आवाज तुमचाच होता. पण...” कॉलेजात त्यांनी हा विषय आजवर काढलेला नाही, याचे उपकार आहेत.

मी उत्तरं शोधली नाहीत असं नाही. पहिलं उत्तर: मी लहानपणी ते दृश्य पाहिलं असेल. नाही. म्हातारीने उन्हाळा सांगितला, आणि दर उन्हाळ्यात आई आणि मी धुळ्याला मामाकडे असायचो. दुसरं: आजारपणात नाना बडबडले असतील, माझ्या कानांनी ते टिपलं असेल. नाव कदाचित टिपलं असेल... पण वाट? तो वासा? तिसरं, जे मला हवंहवंसं होतं, म्हणजे जीन्स. पण बापाचा अनुभव लेकीत असा उतरत नाही, हे जिराफाच्या मानेचं उदाहरण देऊन मीच शिकवते. आणि उतरला असं धरलं तरी तो माझ्या जन्माआधीचा हवा. हे घडलं तेव्हा मी पाचवीत होते!

घरी येऊन मी नानांसमोर बसले आणि खुमसिंग हे नाव घेतलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “कोण गं, ताई? चांगले लोक आहेत का?” काही लपवत नव्हते. तिथे काही उरलंच नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा प्रचंड राग आला, हेही लिहून टाकते. तुम्ही सुटलात, असं मी त्या विसरलेल्या माणसाला मनात म्हणाले. नंतर त्याचीही लाज वाटली.

होळीच्या आधी मी नानांना तिकडे घेऊन गेले. न्यावं की नाही यावर नवऱ्याशी भांडण झालं. तो म्हणाला, “त्यांना कळणार नाही, आणि त्या लोकांना परत त्रास.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

खुमसिंगबाबांनी नानांना बघितलं आणि खाटेवर सरकून जागा करून दिली. नाना बसले. लग्नाला गेल्यावर अनोळखी पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, “राम राम. आपलं गाव कोणतं?”

म्हातारीचा हात परातीत थांबला. मी जमिनीकडे बघत होते. आता तो माणूस काहीही बोलू शकत होता, त्याचा हक्क होता.

“आठलाच शे मी,” इथलाच, असं खुमसिंगबाबा म्हणाले. “तुमनं?”

“माझं...” नाना अडखळले. माझ्याकडे बघितलं. मी सांगणार तेवढ्यात खुमसिंगबाबाच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आधी जेवी ल्या.”

दोघांच्या मध्ये एकच ताट ठेवलं गेलं. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, मिरची. नाना भूक लागलेल्या पोरासारखे जेवले. दुसरी भाकरी मोडून अर्धी त्यांनी स्वतःच शेजारच्या माणसासमोर ठेवली आणि म्हणाले, “घ्या ना, भाऊ. लाजू नका.”

माझं डोकं वर झालं नाही. अजूनही त्या घराची आठवण आली की कान तापतात, अगदी वर्गात शिकवतानासुद्धा. डॉक्टर मित्राला विचारलं, तो स्ट्रेस म्हणाला. म्हणू दे. माझ्याकडे त्याहून बरं उत्तर नाही. इथे कुणाकडे असेल तर सांगा... पण ‘वडिलांची आठवण तुमच्यात आली’ एवढंच लिहू नका. आठवण आली असती तर मी सांभाळली असती. माझ्यात त्यांची लाज आली आहे, आणि त्यांनी ज्यांची माफी मागितलीच नाही ती माणसं मला बघितलं की उठून पाणी आणतात.